दोन पंचांसमक्ष

जगात जे जे म्हणून आहे ते कोणीतरी पाहिलं म्हणूनच आहे, या विचारावर थोर थोर तत्त्वज्ञांनी आयुष्यं वेचली आहेत. आमच्या घरमालकांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली होती. एकानं पाहून भागत नाही, दोघं लागतात, आणि दोघांनी सही करावी लागते. हा सिद्धान्त त्यांनी सेलू तालुक्यातल्या कावळ्यांवर लावून पाहिला.

त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. पस्तीस वर्षं महसुलात काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. गारपीट, जळालेल्या कडब्याच्या गंजी, वीज पडून मेलेली म्हैस, बांध कोरल्याच्या मारामाऱ्या, या सगळ्यांचे पंचनामे त्यांच्या हातचे होते. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा सुनेच्या फोडणीत लक्ष घालतात. भाऊसाहेबांनी सायकलवरून पक्षी-निरीक्षण सुरू केलं. कामाची पद्धत मात्र बदलायला ते तयार नव्हते. पक्षी दिसला की त्याचा पंचनामा व्हायचा.

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि खोली शोधत त्यांच्या दारात पोचलो. त्यांनी खोली दाखवली नाही, आधी भाडेकरार वाचायला दिला. त्यातलं नववं कलम असं होतं : 'भाडेकरूने दर रविवारी व इतर सुट्टीच्या दिवशी, मागणी होताच, स्वतःच्या सायकलीसह पंच म्हणून हजर राहावे.' मला वाटलं, कुठल्यातरी जुन्या करारातून ते चुकून उतरलं असेल. मी सही केली. कलमं सजावटीसाठी नसतात, हे मला पुढच्याच रविवारी दुधना नदीच्या पुलावर एका बगळ्यासमोर कळलं.

पहिला पंच कायम मी. दुसरा, वाटेत सापडेल तो. शेळ्या राखणारी बाई, पंक्चरवाला, लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारा नवरदेवाचा मामा. एकदा तर एसटीच्या कंडक्टरनं गाडी उभी करून सुतार पक्ष्यावर सही केली, आणि तिकिटाच्या मशीनमध्ये बघून अचूक वेळही सांगितली. प्रवासी खिडकीतून वाकून बघत होते, पण त्यांच्या बघण्याला भाऊसाहेबांच्या लेखी किंमत नव्हती. स्वतः भाऊसाहेबांनाही पंच होता येत नसे. लिहिणारा वेगळा, पाहणारा वेगळा.

पंचनाम्याचा नमुना त्यांनी कचेरीतल्यावरून बेतला होता आणि गावातल्या छापखान्यातून छापून घेतला होता. त्यात नाव, अंदाजे वय, राहणार, व्यवसाय, अंगावरील कपडे, असे सगळे रकाने होते. कपड्यांच्या रकान्यात ते 'पिसे' असं लिहीत. येलदरीला आम्ही एसटीच्या टपावर सायकली टाकून गेलो होतो, तिथल्या खंड्या पक्ष्याचा पंचनामा मला पाठ आहे : 'राहणार मौजे येलदरी, धरणाच्या खालच्या अंगास. व्यवसाय मासेमारी. परवान्याबाबत विचारणा केली असता समाधानकारक खुलासा मिळाला नाही.' दुसरा पंच धरणावरचा एक मच्छीमार होता. त्यानं सही करण्याआधी, हा पक्षी आपल्या जाळ्याजवळचे मासे नेतो, अशी हरकत खाली लिहून घेतली. भाऊसाहेबांनी ती घेतली. हरकत घेणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून आदर असे.

उडणारा पक्षी ते मोजत नसत. पंचनाम्यात चतुःसीमा लागते. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस काय. घार आमच्या डोक्यावर तीन वर्षं फिरत होती आणि तीन वर्षं तिचं प्रकरण प्रलंबित होतं. मी एकदा तिची बाजू मांडायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "आभाळाचा गट नंबर सांगा सर, मी आत्ता लिहितो."

पहिल्या पगारात मी दुर्बीण आणली होती. त्यांनी ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी तपासली आणि परत दिली. म्हणाले, "ह्याच्यातून तुमी बघता, तवा दुसरा पंच काय करायलाय? तुमच्या तोंडाकडं बघायलाय." दोघांनी एकाच वेळी पाहिलं पाहिजे, आणि दुर्बिणीतून ते होत नाही. त्यामुळे आमचे सगळे पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतके जवळचे, आणि जवळ येतील इतके निर्ढावलेले होते. रजिस्टरात सगळ्यात जास्त नोंदी कावळ्याच्या होत्या. त्यातल्या निदान सहा एकाच कावळ्याच्या असाव्यात. तो आमच्याच गल्लीतला होता आणि लंगडत चालायचा. भाऊसाहेबांनी प्रत्येक वेळी 'ओळख पटली नाही' असा शेरा मारला होता.

वेळेचंही तसंच. पहाटे पक्षी जास्त दिसतात, असं मी पुस्तकाच्या आधारानं सुचवून पाहिलं होतं. दिसत असतील, ते म्हणाले, पण कचेरी दहाला उघडते. निरीक्षण दहा ते पावणेसहा. मधे एक ते दीड जेवणाची सुट्टी, आणि त्या अर्ध्या तासात समोर गरुड येऊन बसला तरी त्याची दखल घेतली जात नसे. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात त्या वेळात पक्षी सावलीला असतात, कुत्री सावलीला असतात, माणसं सावलीला असतात. रस्त्यावर आम्ही दोघं. पुढे भाऊसाहेब, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, डोक्याला ओला टॉवेल, खिशात उन्हाचा कांदा, कॅरिअरला लाल कापडात बांधलेलं दप्तर. मागे मी, नववं कलम आठवत.

या माणसाला पक्ष्यांचं इतकं वेड कशानं लागलं असेल, असा विचार मी बरेच दिवस करत होतो. उत्तर काकूंकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून मिळालं, गच्चीवर पापड वाळत घालताना.

तरुणपणी भाऊसाहेब पिकांच्या पाहणीसाठी वालूरच्या माळावर गेले होते, एकटेच. तिथं त्यांनी माळढोक पाहिला. कमरेएवढा उंच, आता जवळजवळ नाहीसा झालेला तो पक्षी. कचेरीत येऊन त्यांनी ते सांगितलं. तेव्हाचे साहेब चहा पीत होते. त्यांनी बशीतून वर न बघता विचारलं, पंच कोण?

"झालं," काकू म्हणाल्या. "कचेरी हसली. तवापासून ह्यांचं नावच पडलं माळढोक. रिटायर होईस्तवर. कुटं लग्नाला गेलं तरी इचारायचे, काय, दिसला का पुना?" त्यांनी एक पापड उलटला. "थोडं फुगवून सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं तरी असतं. ह्यांनी जेवढं होतं तेवढंच सांगितलं."

निरोप समारंभात म्हणे एका वक्त्यानं, भाऊसाहेबांना उर्वरित आयुष्यात माळढोकाचं दर्शन घडो, अशी शुभेच्छा दिली, आणि सभागृह इतकं हसलं की आभाराचं भाषण राहून गेलं. भाऊसाहेब शाल आणि नारळ घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले.

तोवर माझी समजूत होती की त्यांना पक्ष्यांची आवड आहे. त्यांना पक्ष्यांची काहीही आवड नव्हती. त्यांना एक पक्षी हवा होता, दोन सह्यांसकट. बाकीचे सगळे सराव होते.

आता ते पुण्यात मुलाकडे असतात, सातव्या मजल्यावर. अधूनमधून फोन येतो. गॅलरीत कबुतर आढळलं, सूनबाई पहिला पंच व्हायला तयार आहेत, पण लिफ्टमन सही करायला कां कूं करतो. अशा वेळी मी चतुःसीमा विचारतो. ते सांगतात.

ते गेले त्या वर्षी पुण्याला जायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. नातवाची शाळा सुरू व्हायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलगा न्यायला येणार होता. सायकलीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. म्हणजे मे महिन्यातला शेवटचा रविवार हा त्यांच्या निरीक्षणाचाच शेवटचा रविवार. कुठं जायचं हे मी विचारलं नाही. दहा वाजता आम्ही वालूरच्या रस्त्याला लागलो.

डांबर टायरला चिकटत होतं. वाटेत एक टिटवी भेटली, पण दुसरा पंच भेटला नाही. वालूरच्या अलीकडे आम्ही गाडीवाटेनं आत वळलो. पुढे शेतं संपतात आणि कुसळी गवताचा, दगडांचा माळ लागतो. त्याच्या कडेला ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याचा आखाडा होता, म्हणजे एक लिंब, गुरांचं छप्पर, एक बाज आणि पाण्याचा माठ. ज्ञानोबा पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला सैल माणूस. त्यानं बाज रिकामी करून दिली, पाणी दिलं, आणि असल्या उन्हात सायकली घेऊन निघण्यासारखं घरी काय घडलं, असं मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, पक्षी बघायला आलोय. त्याचं समाधान झालं नाही, पण माणुसकी म्हणून आणखी न विचारता तो गुरांना कडबा टाकायला छपराकडे गेला.

एक वाजला. आम्ही लिंबाखाली भाकरी सोडली.

एक वाजून दहा-बारा मिनिटं झाली असतील. माळावर एकच बाभूळ होती, दीडशे पावलांवर. तिच्या सावलीत काहीतरी उभं होतं. आधी मला शेळी वाटली. पण शेळी मान अशी धरत नाही. लांब पाय, पांढुरकी सरळ मान, डोक्यावर काळी टोपी, आणि एकूण उभं राहण्यात जुन्या जहागीरदाराचा तोरा. मी पुस्तकात चित्र पाहिलेलं होतं. घास हातात तसाच ठेवून मी म्हणालो, "भाऊसाहेब, बाभळीखाली."

त्यांनी मान वर केली नाही. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"जेवा सर," ते म्हणाले.

दीड वाजेपर्यंत त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. भाकरीचा एक तुकडा ते बराच वेळ ठेच्यात फिरवत होते. ठेचा केव्हाच संपला होता.

दीडला ते उठले, हात धुतले, शर्टाचं वरचं बटण लावलं, चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला आणि बाभळीकडे वळले. पक्षी होता तिथंच होता, उन्हानं चोच किंचित उघडी टाकून. भाऊसाहेब किती वेळ बघत उभे होते ते मी मोजलं नाही. मग ते म्हणाले, "हाच," आणि दप्तराची गाठ सोडायला बसले. गाठ त्यांना लवकर सुटेना, म्हणून मी सोडवून दिली.

मौजे, तालुका, तारीख, वेळ. नावाच्या रकान्यात त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं : माळढोक. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात ज्ञानोबा हात झटकत आला. भाऊसाहेबांनी रीतीप्रमाणे त्याला काही न सुचवता विचारलं, की समोर बाभळीखाली काही दिसतंय का.

"ते व्हय?" ज्ञानोबा म्हणाला. "ते आठ दिस झालं यायलंय. दुपारचं उभं ऱ्हातंय, नाकतोडे खातंय, ऊन उतरलं की जातंय. लय गरीब हाय."

भाऊसाहेबांनी पेन त्याच्यापुढे धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या पक्ष्याला दोन पंच मिळाले होते.

पुढचं माझ्यामुळे झालं. विचारलं त्याहून जास्त सांगणं हा माझा पेशा आहे. ज्ञानोबानं पेन घेतला होता, त्यानं सहज विचारलं, एवढं काय आहे त्यात? आणि मी सांगितलं. हा पक्षी किती दुर्मीळ आहे, सरकार त्याला कसं जपतं, तो जिथं आढळतो तिथली जमीन कशी राखून ठेवतात. वर्गात सांगतो तसं सगळं सांगितलं.

ज्ञानोबानं पेन बाजेवर ठेवला. मग खाली वाकून कागद वाचला. गट नंबरापाशी त्याचं बोट थांबलं.

"माझ्या मेव्हण्याकडं अशेच दोघं आले हुते," तो म्हणाला. "तिकडं खालच्या अंगाला. ह्येच पक्षी बघितलं आन् लिहून नेलं. मंग शेतात पाटी लागली. आता त्याला हीर खंदायची तर इचारावं लागतंय, इकायचं तर इचारावं लागतंय. पक्षी काय परत आलंच न्हाई. पाटी हाय."

भाऊसाहेब म्हणाले, आपण आता सरकारी नाही, हा कागद आपल्या घरी राहणार आहे, ट्रंकेत.

"कागद घरी ऱ्हात न्हाई, भाऊसाहेब," ज्ञानोबा म्हणाला. "तुमी कचेरीतले. तुमाला मी काय सांगू."

पस्तीस वर्षं भाऊसाहेब कागदांची वाटचाल बघत आले होते. कुठला कागद कुठून निघतो आणि कुणाच्या अंगणात जाऊन पोचतो, हे त्या माळावर त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

ज्ञानोबाचा आवाज चढलेला नव्हता. उलट तो समजावून सांगत होता. बारा वर्षं सख्ख्या भावाशी भांडल्यावर याच वर्षी सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं होतं. शाई पण वाळली न्हाई, असं तो म्हणाला. मी मधे पडून म्हणालो, की मी सायकलवर वालूरला जातो आणि दुसरा कोणीतरी पंच घेऊन येतो. ज्ञानोबानं विचारलं, पंच दुसरा आणला तरी गट माझाच लिहिणार ना? मग मी भाऊसाहेबांच्या कानाशी लागून सुचवलं, की गट नंबर शेजारचा टाकू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून माठातलं पाणी प्यायलो. तहान नव्हती.

मी परत आलो तेव्हा भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं होतं. मला वाटलं, संपलं. पण ज्ञानोबा त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता.

"मंग आता तसं लिहून द्या," तो म्हणत होता.

"कसं?"

"हितं पक्षी न्हाई म्हणून. उद्या आनखी कोन टोपीवाले आले तर मी काय दाखवू त्यांला? तुमचं अक्षर पायजे. लोक मानत्यात."

"खोटं मी कदी लिहिलं न्हाई, ज्ञानोबा."

"तुमचं लिहूच नका. माझं लिहा. मला दिसलं न्हाई."

भाऊसाहेब बाभळीकडे बघू लागले. पक्ष्यानं एक पाय उचलला, पोटाशी धरला आणि परत टेकवला. माझ्या मनात आलं, आता ते दप्तर बांधतील आणि आपण जाऊ. चाळीस वर्षं लोकांना जे सांगितलं ते खरं होतं, एवढं तरी आज त्यांना कळलंय, आणि कागद नसला तरी ते घेऊन पुण्याला जाता येईल. पण त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं. ते स्वतःला पटवायला कधी आलेच नव्हते.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "सर, एक पंच म्हंजे किती?"

मला काय विचारलं जातंय ते कळलं. एखादा धीट माणूस तिथं काहीतरी वेगळं बोलला असता.

"शून्य," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. आधीच्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली, 'रद्द' असं लिहिलं, खाली सही केली आणि तो दप्तरात तळाशी ठेवला. मग नवा नमुना काढला, त्याखाली दोन कार्बन घातले आणि कडा जुळवून घेतल्या.

'आम्ही खालील पंच, आज रोजी मौजे वालूर शिवारात समक्ष हजर राहून पाहणी केली असता, सदर गटात दोन पंचांसमक्ष माळढोक नामक पक्षी आढळून आला नाही.' यातला प्रत्येक शब्द खरा होता. लिहिताना ते दर ओळीला थांबून तसं तपासतही होते.

चतुःसीमेसाठी त्यांनी मला अंतर मोजून यायला सांगितलं. मी लिंबापासून बाभळीच्या दिशेनं पावलं मोजत निघालो. शंभरीच्या आसपास पक्ष्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी उरलेली पावलं अंदाजानं धरली आणि परत फिरलो. भाऊसाहेबांनी लिहिलं : 'दक्षिणेस लिंबाचे झाड व आखाडा. उत्तरेस एक बाभूळ.' तिच्या सावलीसाठी नमुन्यात रकाना नव्हता.

मी पहिला पंच म्हणून सही केली. ज्ञानोबानं दुसरी केली, पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट, आणि मजबुतीसाठी अंगठाही देऊ का, असं विचारलं. नको म्हटल्यावर त्याला जरा वाईट वाटलं. आपली प्रत त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याबरोबर ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि आमच्यासाठी चुलीवर चहा टाकला.

भाऊसाहेबांचं अक्षर वळणदार आणि प्रती तीन, त्यामुळे सगळं उरकायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ पक्षी तिथंच उभा होता.